घरात दुखणं आहे, तर कोणती विज्ञानमालिका लावावी?

तीन उन्हाळ्यांपूर्वी आप्पांचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी दादाला, आईला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं: स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पोचलेला, चार-सहा महिने धरून चाला. दादाने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आप्पांना यातलं काही कळता कामा नये. आई म्हणाली, अल्सर आहे म्हणू. व्हरांड्यातल्या बाकावर बसून आप्पा आम्हा तिघांकडे बघत होते. बावीस वर्षं गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर सतरा वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस. चार माग एकदम चालू असताना नुसत्या आवाजावरून कुठल्या मागावर काय बिनसलंय ते ओळखायचे. आमचे बदललेले आवाज त्यांना ओळखू आले नसतील, असं मी कशी म्हणू?

पुढचे पाच महिने रात्री मी त्यांच्याजवळ बसायचे. सोलापूरचा मे महिना, अकरा वाजले तरी भिंती तापलेल्या, त्यांना झोप नाही. मला कॉलेजपासून परदेशी विज्ञानमालिकांचं वेड. एक दिवस तेच म्हणाले, "तू एवढं काय बघत असतीस, ते लाव की." इंग्रजी त्यांना येत नव्हतं. दर दोन-तीन वाक्यांनंतर थांबवून मी मराठीत सांगायचे. पंचेचाळीस मिनिटांचा भाग दीड-दोन तास चालायचा.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं, सासऱ्यांचं असंच झालंय, तू आप्पांना काय दाखवलं होतंस? फोनवर मी तिला तीन नावं सांगितली. नंतर वाटलं, नुसती नावं सांगणं बरोबर नाही, कारण त्यातलं एक तिने चुकूनसुद्धा त्यांच्यासमोर लावू नये असं होतं. म्हणून हे सविस्तर.

आधी एवढंच, की अशा वेळी विज्ञानमालिकाच का. आपल्या कौटुंबिक मालिकांत मरण येतं ते रडायला आणि वारसाहक्काच्या भांडणाला. मरणाऱ्याच्या बाजूने कॅमेरा फारसा फिरत नाही. विज्ञानकथेला मात्र इतर कुणाला न जमणाऱ्या गोष्टी करता येतात. ती माणसाला त्याचा शेवट आधीच दाखवू शकते, मरणाची तारीख ठरवून देऊ शकते, मरण टाळण्याचं यंत्र हातात देऊन "आता बोल, वापरणार का?" असं विचारू शकते. आणि हे सगळं कुठल्या तरी दूरच्या ग्रहावर घडत असल्यामुळे घरातल्या माणसाला त्यावर बोलता येतं. स्वतःबद्दल बोलायचं नसेल तर त्या परक्या माणसाबद्दल बोलायचं. आप्पांनी असंच केलं.

निवडताना मी दोन गोष्टी बघते. पडद्यावरच्या माणसाला आपलं मरण माहीत आहे का, आणि माहीत झाल्यावर त्याच्या हाताला काही काम उरतं का. पहिली असून दुसरी नसेल, तर तो भाग कितीही गाजलेला असो, आजारी माणसाच्या खोलीत तो जड जातो.

बोलणं थांबतं तेव्हा

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत १९९२ साली 'टाइम्स ॲरो' नावाची दोन भागांची गोष्ट आली. डेटा हा यंत्रमानव, एका अंतराळजहाजावरचा अधिकारी. पृथ्वीवर सॅन फ्रान्सिस्कोखालच्या एका गुहेत उत्खनन चाललेलं असतं, तिथे पाचशे वर्षांपूर्वीच्या वस्तूंमध्ये सापडतं ते डेटाचंच डोकं. म्हणजे कधीतरी तो भूतकाळात जाणार आणि तिथेच संपणार. स्वतःचं कापलेलं डोकं समोर ठेवलंय आणि तो शांतपणे ते न्याहाळतोय.

आप्पा माळकरी. पंढरपूर आमच्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, आषाढीला पालख्या जिल्ह्यात आल्या की त्यांचं मन घरात नसायचं. ते डोकं बघून ते पटकन म्हणाले, "हे तर तुकोबाचं हाय." आपलं मरण आपणच डोळ्यांनी पाहिलं आणि तो सोहळा झाला, असं तुकाराम महाराज सांगतात, ते त्यांना आठवलं होतं. मी इतकी वर्षं हा भाग बघत होते, मला हे कधी सुचलं नव्हतं.

जहाजावरचे सगळे हादरतात. डेटा मात्र मित्राला सांगतो की त्याला उलट बरं वाटतंय. आपल्याला अंत नाही, सगळे मित्र जातील आणि आपण एकटे मागे राहू, असं तो धरून चालला होता. आता आपणही मर्त्य आहोत म्हटल्यावर तो माणसांच्या जरा जवळ आला. पण आमच्या खोलीत काम केलं ते दुसऱ्याच एका प्रसंगाने. लिफ्टचं दार उघडतं, आत दोन सहकारी बोलत असतात, डेटाला बघून ते एकदम गप्प होतात. तो साधेपणाने विचारतो, हल्ली मी आलो की लोक बोलणं थांबवतात, असं का?

हे वाक्य मराठीत सांगताना माझा आवाज बसला. आप्पा टीव्हीकडेच बघत होते. म्हणाले, "ह्येच्या घरचे बी असेच व्हय." आणि थोड्या वेळाने, "किती म्हैने सांगितलेत?"

मी सांगितलं. त्या रात्री पुढचा भाग आम्ही लावला नाही.

तरीही मैत्रिणीला मी हा भाग पहिला लावायला सांगणार नाही. कथानकात काळाच्या उड्या आहेत, दुसऱ्या भागात एकोणिसाव्या शतकातला बराच गोंधळ आहे, आणि डेटा शेवटी वाचतो. आमच्याकडे तो योग जुळून आला. शिवाय घरच्यांनी सांगायची गोष्ट टीव्हीने सांगावी, हे चुकीचंच. ते काम माझं होतं आणि मी ते आधी करायला हवं होतं. तुमच्या घरी अजून सांगितलं नसेल, तर आधी डॉक्टरांना पुन्हा भेटा, पेशंटला किती जाणून घ्यायचंय ते त्यालाच विचारा, मग मालिकांचं बघू.

पहिला लावायचा तो हा

'द इनर लाइट'. तीच मालिका, तेच वर्ष, एकच भाग, पंचेचाळीस मिनिटं. आधीचं काहीही पाहिलेलं नसलं तरी चालतं. जहाजाचा कप्तान पिकार्ड एका अनोळखी यानातून आलेल्या किरणामुळे बेशुद्ध पडतो आणि कातान नावाच्या ग्रहावर जागा होतो. तिथे त्याला सगळे कामिन म्हणतात. बायको आहे, घर आहे, गावात मान आहे. हळूहळू तो ते आयुष्य स्वीकारतो. मुलगी होते, मुलगा होतो, तो बासरी शिकतो, म्हातारा होतो, बायको जाते. शेवटी त्याला कळतं, त्या ग्रहाचा सूर्य स्फोट होऊन संपणार होता. ते लोक हजार वर्षांपूर्वीच नाहीसे झाले आहेत. ग्रह सोडून जाण्याइतकं विज्ञान त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या जगण्याची आठवण एका यानात भरून आकाशात सोडली होती, कुणीतरी भेटेल आणि त्याला ती सांगता येईल म्हणून. जहाजावर या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागलेली असतात. या भागाला पुढच्या वर्षी विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

हे सगळं कुणीही सांगेल. सोलापुरात मात्र हा भाग निराळाच लागला, आणि त्याची दोन कारणं होती.

एक म्हणजे कामिनचा धंदा. तो लोखंड विणणारा विणकर आहे. मी तसं भाषांतर करून सांगितल्यावर आप्पा गादीवर सरळ बसले. "लोखंड विणत्यात? ताणा कसा लावत असतील?" कामिन प्रत्यक्ष विणताना दिसतच नाही, यावर ते नाराज झाले. मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली, तार केवढी बारीक लागेल, धोटा चालेल का, कांडी कशाची करावी लागेल. चादरीतलं जॅकार्डचं फूल कसं उठतं हे मला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं ते त्या रात्री, एका मेलेल्या ग्रहाच्या निमित्ताने.

दुसरं कारण पाणी. कातानवर दुष्काळ आहे. गावाच्या चौकात एक रोपटं लावलेलं असतं आणि पाणी मोजून मिळत असतानाही गाव ते रोपटं जगवतं, कारण ती त्यांची खूण आहे. बाहेरच्या माणसाला हा प्रसंग छान, काव्यमय वाटतो. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तो हिशेब वाटतो. आठ-आठ दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्यावर इथे माणसांनी अंगणातली तुळस जगवली आहे, धुण्याचं पाणी घालून. आप्पांनी तिथे थांबवायला सांगितलं आणि काहीच बोलले नाहीत.

कामिनची मुलगी विज्ञान शिकलेली. सूर्याचं काहीतरी बिघडलंय हे तिने स्वतःच शोधून काढलेलं असतं, आणि बापालाही ते ठाऊक असतं. दोघांपैकी कुणीही दुसऱ्यापासून लपवत नाही. हातात आहे तो काळ पुरेपूर जग, एवढंच तो तिला सांगतो. म्हणून म्हणते, माझ्या दोन्ही कसोट्यांवर हा भाग पहिला येतो. मरण माहीत आहे, एकट्याचं नव्हे तर सगळ्या गावाचं, आणि तरी करायला काम आहे. बासरी वाजवायची, रोपट्याला पाणी घालायचं, मुलाचं नाव ठेवायचं, यान सोडायचं. पॅट्रिक स्ट्युअर्ट या नटाने म्हातारपणाचे टप्पे नुसत्या चालण्यातून दाखवलेत, त्यामुळे भाषा कळली नाही तरी अडत नाही. मुलाचं काम त्याच्या खऱ्या मुलाने केलंय, हे आप्पांना सांगितल्यावर ते म्हणाले, "दिसतंय की."

ओझं होण्याची भीती

आता तो भाग, जो लावू नका म्हणून मी वर म्हणाले. 'हाफ अ लाइफ', पुन्हा तीच मालिका, १९९१. केलॉन नावाच्या ग्रहावर माणूस साठ वर्षांचा झाला की घरच्यांचा निरोप घेऊन विधीपूर्वक स्वतःचं आयुष्य संपवतो. म्हातारपण मुलांवर ओझं होऊ नये, म्हणून घालून दिलेली रीत. टिमिसिन हा शास्त्रज्ञ आपल्या मरणाऱ्या सूर्याला वाचवण्याचा उपाय शोधतोय, जवळजवळ पोचलाय, आणि त्याची साठी चार दिवसांवर आली आहे. तो थांबायचं ठरवतो, तर त्याची स्वतःची मुलगी येऊन सांगते की तुमची मला लाज वाटते. शेवटी तो परत जातो.

आपल्याकडे साठी झाली की साठीशांत करतात, होम करतात, मुलं-सुना नमस्कार करतात. तोच आकडा आणि बरोबर उलटा विधी. लिखाण म्हणून हा भाग मला 'इनर लाइट'च्या तोडीचा वाटतो. टिमिसिनचं काम करणारा डेव्हिड ऑग्डन स्टायर्स एकदाही आवाज चढवत नाही आणि आपला जीव गोळा होतो. पण अंथरुणावरचा माणूस मनात आधीच हिशेब घालत असतो. औषधाला किती गेले, दादाने पुण्याहून किती रजा काढल्या, पोरीचा संसार कसा चाललाय. त्याच्यापुढे "म्हाताऱ्यांनी वेळेवर जावं" म्हणणारा समाज ठेवायचा आणि शेवटी तो समाजच जिंकतो हे दाखवायचं, हे मला करवलं नाही. हा भाग मुलांनी बघावा, सुनांनी बघावा, रुग्णाच्या खोलीबाहेर. मी तो आप्पांचं झाल्यावर पुन्हा पाहिला.

त्याच भीतीवर उतारा हवा असेल तर 'डॉक्टर हू' मधला 'द एंड ऑफ टाइम'. दोन भाग, २००९ चा नाताळ आणि २०१० ची एक जानेवारी. डॉक्टर म्हणजे काळातून फिरणारा एक परग्रहवासी, मरताना शरीर बदलून नवा होणारा; हा डेव्हिड टेनंटचा दहावा डॉक्टर. त्याला भाकीत सांगितलेलं असतं: कुणीतरी चार वेळा ठोठावेल आणि तुझं गाणं संपेल. तो शत्रूची वाट बघत राहतो. शत्रूंचा निकाल लागतो, तो जिवंत असतो, सुटलो म्हणून श्वास सोडतो, आणि मागून काचेवर टक टक टक टक. एका बंद खोलीत अडकलेला विल्फ्रेड, पांढऱ्या केसांचा साधा म्हातारा. त्याला बाहेर काढायचं तर डॉक्टरला शेजारच्या खोलीत शिरून किरणोत्सार अंगावर घ्यावा लागणार.

विल्फ्रेड म्हणतो, मला सोड, माझं वय झालंय, माझं जगून झालंय. मी भाषांतर करायच्या आधीच आप्पा म्हणाले, "माझ्यावर पैसा घालू नका, हेच म्हणतोय ना?" हो, हेच. आपल्या घरातली सगळी म्हातारी माणसं हेच म्हणतात. त्यावर डॉक्टर आधी चिडतो. मला अजून किती करायचं होतं, हे अन्यायाचं आहे, म्हणून ओरडतो. त्या नाटकी गर्जनेत मला फार खरेपणा वाटतो, कारण मरण समोर आल्यावर आधी राग येतो आणि तो राग कुणी पडद्यावर दाखवत नाही. मग तो थांबतो, तुझ्यासाठी हे करणं माझा मान आहे असं सांगतो आणि आत जातो. नंतर वेळ थोडा उरलेला असताना तो जुन्या सोबत्यांना एकेकदा लांबून बघून येतो.

शेवटी मात्र त्याला जायचं नसतं, आणि तो तसं स्पष्ट बोलून दाखवतो. या शेवटावर बरीच टीका झाली, फार रडका म्हणून. मला ती टीका पटत नाही. शांतपणे मरणारे आदर्श पुरुष आपण पुष्कळ पाहिलेत. घाबरणाऱ्यालाही कुणीतरी आपला वाटायला हवा. अडचण एवढीच की हा शेवट पोचण्यासाठी आधीची थोडी ओळख लागते, आणि यात आरडाओरडा, धावपळ भरपूर आहे. रात्रीच्या शांत वेळेला तो मानवत नाही. आम्ही दुपारी, कूलर लावून पाहिला.

वेळ असेल तर: रोझलिन की शेरिडन

घरात काही महिने हाताशी असतील आणि रुग्णाला रोजची गोष्ट हवी असेल, तर दोन लांबलचक मालिकांमधून निवड करावी लागते. मैत्रिणीचा खरा प्रश्न इथेच अडला होता.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', २००३ च्या लघुमालिकेपासून २००९ पर्यंत. लॉरा रोझलिन ही शिक्षणखात्याची मंत्री. तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं डॉक्टर सांगतात आणि त्याच दिवशी अणुहल्ल्यात जवळजवळ सगळी मानवजात संपते. वाचतात ते जेमतेम पन्नास हजार. वारसांच्या यादीत त्रेचाळिसावी असलेली ही बाई राष्ट्राध्यक्ष होते, कारण वरचे बेचाळीस उरलेले नसतात. स्वतःच्या मरणाची बातमी घेऊन ती उरलेल्यांचा जीव वाचवायला बसते. तिच्या कचेरीत एक फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा. रोज तो कमी होतो. पहिल्याच भागाच्या शेवटी वाचलेल्यांच्या यानांच्या ताफ्यात एक मूल जन्मतं आणि ती स्वतः उठून आकडा एकने वाढवते.

आजाराचं इतकं प्रामाणिक चित्रण मी दुसऱ्या कुठल्या विज्ञानमालिकेत पाहिलेलं नाही. कर्करोग जातो, परत येतो. केस जातात. उपचार घेताना ॲडमिरल अडामा तिला पुस्तक वाचून दाखवतो. चौथ्या पर्वात शेजारच्या खाटेवरची एक मरणासन्न बाई तिला आपलं स्वप्न सांगते: नदी, होडी, आणि पलीकडे गेलेली माणसं वाट बघत उभी. आपल्याकडे यासाठी पैलतीर हा शब्दच आहे, मला काही समजावून सांगावं लागलं नाही. यातले शत्रू, सायलॉन, मेले की नव्या शरीरात जागे होतात. पुढे त्यांच्यातलाच एक गट ही सोय नष्ट करायला हातभार लावतो, कारण मरण नसल्यामुळे आपल्या जगण्याला वजनच नाही हे त्यांना उमगतं.

पण मालिका अंधारी आहे. छळ आहे, फाशी आहे, आत्महत्या आहेत, राजकारणाची गुंतागुंत आहे. सत्तरहून अधिक भाग. आप्पांना ती झेपली नाही. सातव्या-आठव्या भागाला त्यांनी "बास" म्हटलं, आणि मी रोझलिनचे तेवढेच प्रसंग निवडून दाखवले. शेवट मात्र पूर्ण दाखवला. नवी, हिरवी पृथ्वी, विमानातून खाली दिसणारे प्राण्यांचे कळप, रोझलिन बघता बघता जाते आणि अडामा ते न कळून बोलतच राहतो.

'बॅबिलॉन ५' दुसऱ्या टोकाला. अंतराळस्थानकाचा कप्तान जॉन शेरिडन एकदा मरून परत आणला जातो, पण परत आणणारा लॉरियन स्पष्ट सांगतो: फार तर वीस वर्षं, त्यापुढे नाही. शेरिडन आणि डिलेन हे जाणून लग्न करतात, संसार करतात, राज्य चालवतात. १९९८ च्या शेवटच्या भागात, 'स्लीपिंग इन लाइट' मध्ये, वीस वर्षं भरतात. एका रात्री त्याला आतून कळतं की वेळ झाली. तो जुन्या मित्रांना निरोप धाडतो, सगळे जेवायला जमतात, हसतात, जे आधीच गेले त्यांची नावं घेऊन पेले उंचावतात. पहाटे तो एकटा यान घेऊन निघतो. डिलेन पुढे आयुष्यभर रोज सूर्योदय बघत राहते.

रोझलिनचं मरण हॉस्पिटलच्या वासाचं आहे, शेरिडनचं समाधीसारखं. सोलापुरात हा फरक लगेच कळतो. गावाच्या मधोमध तळं आहे, तळ्यात सिद्धेश्वराचं मंदिर आणि तिथेच सिद्धरामेश्वरांची समाधी. गड्ड्याची जत्रा, शेंगाचटणी, लग्नाच्या पत्रिका, सगळं त्या समाधीच्या साक्षीने. वेळ कळून उठून जाणारा माणूस इथे कुणाला परका वाटत नाही. आप्पांना शेरिडन फार आवडला. मला विचाराल तर मला रोझलिन जास्त खरी वाटते, कारण आमच्या घरात जे झालं ते तिच्यासारखं होतं, उलट्या, नळ्या आणि न सांगता येणारा थकवा. पण रुग्णासाठी निवडायचं तर रुग्णाची आवड मोठी. भाविक, ठाम, आवरासावर करून निघणाऱ्या स्वभावाला शेरिडन द्या. जो प्रश्न विचारतो, चिडतो, ज्याला गोड बोललेलं खपत नाही, त्याला रोझलिन. 'बॅबिलॉन'चा नुसता शेवटचा भाग आधीच्या दहा मिनिटांच्या सांगण्यावर दाखवता येतो, मी तसंच केलं. रोझलिनचा शेवट असा सुटा दाखवून पोचत नाही.

उरलेले, थोडक्यात

'ट्वायलाइट झोन' मधला 'नथिंग इन द डार्क', १९६२, काळा-पांढरा, पंचवीस मिनिटं. एक म्हातारी मृत्यूच्या भीतीने पाडायला काढलेल्या इमारतीत दार लावून बसली आहे. दारात जखमी तरुण पोलीस पडतो, तिला त्याची दया येते, ती दार उघडते. पोलीस झालाय तरुण रॉबर्ट रेडफर्ड. तो खरा कोण हे तुम्ही ओळखलंच असेल, पण ओळखूनही शेवट लागतो. यात विज्ञान फारसं नाही. आईने आमच्याबरोबर पूर्ण पाहिलेला हा एकच. दुखण्यापेक्षा मरणाच्या क्षणाचीच भीती ज्याला जास्त वाटते, त्याच्यासाठी हा सगळ्यात चांगला.

'एक्स-फाइल्स' मधला 'क्लाइड ब्रकमन्स फायनल रिपोज', १९९५. आयुर्विमा विकणारा एजंट, आणि त्याला प्रत्येकाचं मरण आधीच दिसतं. एलआयसीचा एजंट घरच्यासारखा असलेल्या आपल्या गावात ही कल्पना लगेच रुजते, आणि पीटर बॉयलचं काम एमी पुरस्काराचं आहे. पण शेवटी तो आत्महत्या करतो. घरात नको.

'ब्लॅक मिरर' मधलं 'सॅन जुनिपेरो', २०१६, नेटफ्लिक्सवर. मरणाऱ्यांचं मन यंत्रात भरून ठेवायचं, मग समुद्रकाठच्या गावात कायमचं तारुण्य. दोन बायकांची प्रेमकथा आहे, घरी बघताना हे आधी माहीत असू द्या. त्यात इच्छामरणही येतं. दोघींपैकी केलीचा नवरा एकोणपन्नास वर्षांच्या संसारानंतर यंत्रात जायला नकार देऊन मेला, कारण त्यांच्या मुलीला ती संधी मिळाली नव्हती. हे केली सांगते तो प्रसंग भागातला सर्वोत्तम. त्यानंतर कथा सुखाच्या बाजूला वळते आणि मला वाटतं मरणापासून तोंड फिरवते. धडधाकट वयात बघायला सुंदर आहे. खरोखर जाणाऱ्या माणसाला जे यंत्र मिळणार नाही ते त्याच्यापुढे नाचवू नये.

मैत्रिणीचे सासरे सेवानिवृत्त शिक्षक, इंग्रजी उत्तम, स्वभाव वाद घालणारा, आणि त्यांना सगळं सांगून झालेलं आहे. तिला मी शेवटी असं कळवलं: पहिल्या दिवशी 'इनर लाइट'. चार दिवस जाऊ दे. मग त्यांनीच विषय काढला तर रोझलिन, पहिल्यापासून, ओळीने. नाही काढला तर दुसरं काहीही, क्रिकेटसुद्धा. 'हाफ अ लाइफ' तिने आणि नवऱ्याने वेगळ्या खोलीत बघावं. आवाज कमी, खोलीत उजेड थोडा असू द्यावा, कारण मध्येच पाणी किंवा गोळी लागते. आणि रिमोट त्यांच्या हातात द्यावा. थांबवायचं कुठे हे आपण ठरवू नये.

बातमी कळल्यावर आप्पांनी तीन आठवड्यांत घर आईच्या नावावर केलं, बँकेत वारसाचं नाव घातलं, गल्लीतल्या एका पोराला मागावरची अडलेली गाठ सोडवायला शिकवली. 'इनर लाइट' त्यांनी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा मी भाषांतर करायला लागले तर हाताने थांब म्हणाले. रोपटं दिसलं तेव्हा त्यांनी रिमोटचं बटण दाबलं, बराच वेळ ते चित्र तसंच ठेवलं, आणि मला म्हणाले, "तुळशीला पाणी घातलंस का बग."